वाहत्या गळाचं प्रमाण वजन

५ जानेवारी, सोमवार

सेवानिवृत्त होऊन आज पाच दिवस झाले. वजनमापं तपासणीच्या खात्यात एकतीस वर्षं काढली. या काळात माझ्या हातून एकही खोटं वजन सुटलं नाही, हे निरोपाच्या भाषणात साहेबांनी स्वतः सांगितलं. दुकानदार मला पाहून तराजू पुसायला लागत. आता हा सगळा अनुभव घरात बसून वाया जाऊ नये म्हणून दैनंदिनी सुरू करत आहे.

सकाळी स्वयंपाकघराची तपासणी केली. हिचा साखरेचा पेला सहा ग्रॅमनं कमी भरतो. मिठाचा चमचा तर कोणत्याच मापात बसत नाही. तसं डब्यांवर चिठ्ठ्या लावून नमूद केलं. तीस वर्षं आपण चुकीच्या मापाचा चहा पीत आलो, हे मी हिला शांतपणे समजावून सांगितलं. हिनं पदराला हात पुसले. मग बाहेर जाऊन धाकट्या भावाला फोन केला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. परत येऊन म्हणाली, "रविवारी तो नदीवर जातोय मासे धरायला. तुम्हीही जा. त्याला सोबत होईल."

मेहुणा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही, अबोल आहे. त्याला सोबतीची गरज असणारच. हो म्हणालो.

११ जानेवारी, रविवार

पहाटे निघालो. नदी चांगली रुंद आहे, तळाला गोटे आहेत. मेहुणा म्हणाला, इथे वाहत्या गळानं मासे धरतात. म्हणजे गळ वरच्या अंगाला टाकायचा आणि पाण्याबरोबर खाली वाहू द्यायचा. दोरीला शिशाचं एक वजन बांधलेलं असतं. ते जड झालं तर तळाशी बसून राहतं, गोट्यांत अडकतं. हलकं झालं तर गळ माशांच्या डोक्यावरून निघून जातो. बरोबर असलं तर तळाला टेकत टेकत जातं आणि दोरीवर धरलेल्या बोटाला ते टेकणं कळतं.

मी विचारलं, बरोबर म्हणजे किती ग्रॅम?

त्यानं खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी डबी काढली. आत शिशाचे तुकडे, दोन नट आणि पंपाचा कसलासा तुटका भाग होता. एक तुकडा काढून त्यानं तळहातावर उडवला, पाण्याकडे बघितलं, दुसरा घेतला आणि बांधला. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "अंदाजानं, भाऊजी."

एकतीस वर्षं मी ज्या एका शब्दाशी झुंजलो, तो शब्द माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या तोंडी. आणि हा माणूस इथल्या गळमंडळाचा चषक नऊ वर्षं सलग जिंकतो म्हणे. त्याला आज चार मासे लागले. मला एकही नाही, पण मी निरीक्षणाला गेलो होतो.

१३ जानेवारी, मंगळवार

मेहुण्याची डबी मागून आणली. सदर डबीत सदतीस तुकडे असून कोणतेही दोन तुकडे समान वजनाचे नाहीत. सर्वांत हलका दोन ग्रॅम, सर्वांत जड एकोणतीस. प्रत्येकावर क्रमांक कोरला, यादी केली आणि क्रमवार कप्प्यांत लावून डबी परत दिली. त्यानं उघडून बघितली, मिटली, आणि "बरं" म्हणाला. कृतज्ञता व्यक्त करायला काही लोकांना जमत नाही.

२५ जानेवारी, रविवार

आज स्वतः गळ टाकला. चौदा वजनं तळाशी अडकून गेली. कारणं: एक, गोटे अनियमित आकाराचे आहेत. दोन, प्रवाहाचा वेग जागोजाग वेगळा आहे. दोष नदीचा आहे, हे स्पष्ट दिसतं. दर वेळी दोरी तुटली की मेहुणा न बोलता नवीन बांधून देत होता. मध्ये एकदा माझा पाय घसरला, तेव्हा त्यानं मागून सदरा धरला. त्याच्या गळाच्या चार फेऱ्या माझ्यामुळे फुकट गेल्या असतील, पण प्रयोगाला मदतनीस लागतोच.

ही मात्र आजकाल खुशीत दिसते. रविवारी गुणगुणत असते, असं शेजारीण म्हणाली.

८ फेब्रुवारी, रविवार

गेले पंधरा दिवस रोज नदीवर आहे. एकूण दोनशे अकरा वेळा गळ टाकला. प्रत्येक वेळचं वजन लिहून ठेवलं. तीन ग्रॅमपासून तीस ग्रॅमपर्यंत सगळं वापरून पाहिलं. आज सरासरी काढली: अकरा पूर्णांक आठ दशांश. म्हणजे बारा.

वाहत्या गळाचं प्रमाण वजन बारा ग्रॅम आहे. या ओळीखाली पट्टीनं दोन रेघा ओढल्या. एवढी वर्षं इतकी माणसं या नदीत गळ टाकत आली आणि कुणी साधी सरासरी काढली नाही.

या दोनशे अकरा वेळांत मासा लागला नाही. त्याचा या मोजणीशी संबंध नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गळमंडळाची बैठक. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे भरते. मी गेल्याच महिन्यात सदस्य झालो, तरी मला बोलायला पाऊण तास मिळाला. दातांचे डॉक्टर अध्यक्ष आहेत. ते सहा वर्षं स्पर्धेत दुसरे येत आहेत. त्यांनी माझं बोलणं जितक्या मन लावून ऐकलं, तितकं खात्यात कुणी ऐकलं नव्हतं.

माझा ठराव असा: १ मार्चच्या स्पर्धेत प्रत्येकानं फक्त बारा ग्रॅमची, माझा शिक्का मारलेली वजनं वापरावीत. म्हणजे ज्याच्या हातात अंदाज आहे त्याला गैरफायदा मिळणार नाही, सगळे एका पातळीवर येतील. यावर डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. इतरांचेही चेहरे उजळले. विज्ञानाची ओढ सामान्य माणसालाही असते, फक्त सांगणारा पाहिजे.

मेहुण्यानं एकच प्रश्न विचारला, पाणी उतरलं तर काय करायचं? मी सांगितलं, नियम पाण्यावर अवलंबून नाही. तो बसला.

अकरा विरुद्ध चार मतांनी ठराव मंजूर. विरोधात मेहुणा, निवृत्त मुख्याध्यापिका बाई आणि टपालखात्यातले एक गृहस्थ. चौथे पेंगत होते, त्यांचा हात कसा वर गेला याची चौकशी झाली नाही. मला स्पर्धेचा परीक्षक नेमलं. डॉक्टरांनी मला मिठी मारली आणि माझे दात फुकट तपासून देण्याचं आश्वासन दिलं.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "त्याला वर्षातून एक दिवस आनंदाचा असतो हो." मी म्हणालो, आता तो दिवस प्रमाणित होईल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

परसात शिसं वितळवून दीडशे वजनं ओतली. स्पर्धक पंधरा, प्रत्येकी दहा. प्रत्येकावर क्रमांक आणि माझा शिक्का. कानस लावून एकेक बारा ग्रॅमला आणलं. शिसं मऊ असतं, नखानंही ओरखडा उठतो, म्हणून दहा-दहाच्या पुड्या तलम कागदात बांधल्या. हिनं मला तीनदा साबणानं हात धुवायला लावले आणि चौथ्यांदा स्वतः धुऊन दिले.

१ मार्च, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

वरच्या अंगाला धरणाच्या दारांचं काम निघाल्यानं काल पाणी बंद केलं होतं. नदी अर्धी उतरलेली, जागोजाग गोटे उघडे. काहींनी चेहरे पाडले. मी नियमाची आठवण करून दिली, सकाळी सहाला पुड्या वाटल्या आणि नोंदवहीत प्रत्येकाची सही घेतली. डॉक्टरांना एक ते दहा, मेहुण्याला एकेचाळीस ते पन्नास, असं क्रमवार. मग मी काठावर झाडाखाली टेबल-काटा मांडून बसलो. परीक्षकानं स्पर्धकांत फिरू नये, हे डॉक्टरांनी आधीच सुचवलं होतं.

दुपारी बारापर्यंत पंधरा जणांना मिळून अकरा मासे. उतरलेल्या पाण्यात! याहून मोठा पुरावा तो कोणता? आणि परत आलेली वजनं पुड्यांवरूनच चाचपून मोजली तर दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस. ज्या नदीनं एका सकाळी माझी चौदा वजनं गिळली, तिथे प्रमाण वजन जवळजवळ अडकतच नाही. फक्त एका माणसाच्या पुडीत दहापैकी तीनच उरली होती आणि तो माणूस माझा मेहुणा. मी सर्वांसमोर त्याला निष्काळजीपणाबद्दल समज दिली. नातं आड येऊ दिलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर आभाळाकडे बघत होते.

मासे वजनाला आले. डॉक्टरांचा मासा दोन हजार तीनशे दहा ग्रॅम. ते चषकाच्या टेबलाकडे निघालेही होते. शेवटी मेहुण्यानं आपला मासा काट्यावर ठेवला: दोन हजार तीनशे पस्तीस. पंचवीस ग्रॅमनं मेहुणा पहिला.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, नीट तपासून घ्या. पोट दाबून बघा."

मी म्हणालो, काटा खोटं बोलत नाही, अंगठा बोलतो. लोक हसले. त्यानं पुन्हा सांगितलं. मी त्याच्या गळ्यात हात घालून चषक दिला आणि प्रमाण वजनाखाली जो जिंकतो तो खरा विजेता, यावर वीस मिनिटं बोललो. मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला होता. पहाटेपासून उपाशी होता बहुतेक.

नंतर तो म्हणायला लागला की मासा टाकून देतो. विनय किती असावा! मी मासा हिसकून घरी आणला.

२ मार्च, सोमवार

अद्भुत!

सकाळी ही मोरीत मासा साफ करत होती. अचानक तिचा हात थांबला. तिनं माशाच्या पोटातून एक वजन काढून कट्ट्यावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. धुतल्यावर शिक्के स्पष्ट दिसले: एकेचाळीस, बेचाळीस, सत्तेचाळीस. माझी वजनं!

 मासे आमिष गिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वजनच गिळावं? याचा अर्थ बारा ग्रॅमचं वजन पाण्यात इतकं नैसर्गिक वागतं, की माशाला ते खाद्यच वाटतं. एक नाही, तीन! चव आवडल्याशिवाय कुणी तिसऱ्यांदा घेत नाही.

ही कट्ट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "अहो, मासा कशाला तीन-तीन शिसं गिळेल?" मी तिला वरील कारणमीमांसा सांगितली. ती म्हणाली, कृपा करून हे कुणाला सांगू नका. शोध चोरीला जाईल अशी भीती तिला वाटली असावी. बाई साधी आहे, पण व्यवहार कळतो.

मग ती तशीच माहेरी गेली. संध्याकाळी परतली तेव्हा डोळे लाल होते. वाटेत धूळ गेली म्हणाली.

५ मार्च, गुरुवार

'मत्स्याहार आणि प्रमाण वजन' हा निबंध अकरा पानं झाला.

मेहुणा आला होता. पायरीवरच उभा राहून म्हणाला, "भाऊजी, एक सांगायचं होतं." मी म्हणालो, आधी हे ऐक, आणि अकराही पानं वाचून दाखवली. शेवटच्या पानावर त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. भारावून गेला होता. सांगायचं काय होतं, हे विचारायचं राहून गेलं, तो चहा न घेताच गेला.

७ मार्च, शनिवार

मेहुणा पुन्हा येऊन गेला म्हणे. मी शिसं आणायला गेलो होतो. पिशवीत घालून चषक ठेवून गेला. चिठ्ठी होती: 'भाऊजी, हा माझा नाही.'

वाचून गहिवरलो. आपलं यश दुसऱ्याच्या शोधामुळे आहे, हे मान्य करायला मोठं मन लागतं. चषक चिंचेनं घासून दर्शनी कपाटात ठेवला. हिनं तो उचलून आत ठेवला. मी पुन्हा बाहेर ठेवला. असं दिवसभरात चार वेळा झालं.

१४ मार्च, शनिवार

निबंधावर मंडळात व्याख्यान झालं.

सगळे आले होते. मेहुणा दाराशी उभा होता. ही कधी मंडळात येत नाही, पण आज आली आणि मागे भावाशेजारी उभी राहिली. मी निबंध वाचला. मग तिन्ही वजनं पांढऱ्या कापडावर मांडली आणि ती विजेत्या माशाच्या पोटात सापडल्याचं जाहीर केलं. खाली सायकलच्या चाकात हवा भरल्याचा आवाज तेवढा येत होता.

मुख्याध्यापिका बाईंनी हात वर केला. एकेचाळीस, बेचाळीस आणि सत्तेचाळीस क्रमांकांची वजनं कुणाला दिली होती, असं त्यांनी विचारलं. मी नोंदवहीतून वाचून दाखवलं: माझ्या मेहुण्याला. ज्याची वजनं हरवली त्यालाच तो मासा लागावा, हा कोटीतला एक योगायोग आहे, याकडे मी लक्ष वेधलं.

बाई म्हणाल्या, "वजनं त्याच दिवशी सकाळी वाटली होती. मासा दुपारच्या आत काट्यावर होता. आणि तुमचा मासा सहा तासांत एकाच माणसाची तीन वजनं शोधून खातो?"

मी उत्तरासाठी निबंधाची पानं उलटली. मग मी मेहुण्याकडे बघितलं. तो खाली बघत होता आणि हिनं त्याचा दंड धरला होता.

आधी डॉक्टर हसले. मग सगळे.

१५ मार्च, रविवार

दोन हजार तीनशे पस्तीस वजा छत्तीस. दोन हजार दोनशे नव्व्याण्णव.

डॉक्टरांपेक्षा अकरा ग्रॅम कमी.

आज नदीवर गेलो नाही.

१६ मार्च, सोमवार

रात्रभर डोळा लागला नव्हता, त्यामुळे सकाळी तक्रार लिहायला बसलो. विषय: खोटं वजन देऊन परीक्षकाची फसवणूक. माझ्याच शिक्क्याची वजनं, माझ्याच काट्यावर, माझ्याच डोळ्यांसमोर. एकतीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नाही आणि घरच्याच माणसानं अशी थोबाडीत मारली. मंडळातून कायमचं काढावं, अशी मागणी केली. मजकूर हिला वाचून दाखवला.

ही भाजी निवडत होती. सुरी खाली ठेवली. तीस वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती, म्हणून जमेल तसं लिहून ठेवतो.

ती म्हणाली, त्यानं दोनदा सांगितलं होतं ना, पोट दाबून बघा म्हणून? त्याला वाटलं होतं तुम्ही दाबाल, वजनं बाहेर येतील, लोक हसतील, तुमचा नियम तिथेच निकालात निघेल आणि तो मासा मागे घेईल. चषक नको होता त्याला. तपासायचं तुम्ही कधी सोडलंत? आयुष्यभर परक्यांची दुकानं तपासलीत. ज्या दिवशी खरोखर तपासायचं होतं, त्या दिवशी भाषण केलंत.

मी म्हणालो, पण त्यानं असं करावंच का?

"कारण मी त्याच्या गळ्यात तुम्हाला बांधलं," ती म्हणाली. "पाच दिवसांत तुम्ही माझ्या मिठाच्या चमच्यावर चिठ्ठी लावलीत. मला वाटलं, असंच चाललं तर मी एक दिवस हे घर सोडून जाईन. म्हणून त्याला म्हटलं, यांना ने. त्यानं नेलं. आणि तुम्ही त्याची नदी घेतलीत."

 तक्रार घडी करून ठेवली. टाकून दिली नाही. पण पाठवलीही नाही.

सोबतीची गरज मेहुण्याला होती, असं मी समजत होतो.

१८ मार्च, बुधवार

दोन दिवस घरात बसून काढले. तक्रार पाठवायची तर पुरावा हवा, म्हणून आज स्पर्धेतून परत आलेल्या वजनांची पेटी उघडली. मेहुण्याची उरलेली तीन वजनं काढली. चेपलेली, ओरबाडलेली, कडा गेलेल्या. तळाच्या गोट्यांवर आपटत गेलेली वजनं अशीच दिसतात. माझीही तशीच व्हायची.

मग तुलनेसाठी डॉक्टरांची पुडी सोडली. सोडली म्हणजे काय, तिची गाठ मीच बांधलेली होती, तशीच होती. आत दहाही वजनं आरशासारखी.

दुसरी पुडी. तिसरी. दुपारपर्यंत चौदाही पुड्या तपासल्या. भिंग लावून, खिडकीच्या उजेडात, खात्यात तपासायचो तशा. काहींनी कागद सोडून पुन्हा बांधला होता, एकानं वजनं चिखलात घोळवली होती, पण चिखलाखाली ओरखडा नाही. एकशे चाळीस वजनांपैकी एकही पाण्यात गेलेलं नव्हतं.

म्हणजे अकरा विरुद्ध चार मतांनी नियम करणाऱ्यांनी आणि न करणाऱ्यांनीही, सगळ्यांनी, उतरलेलं पाणी बघून आपापल्या खिशातली हलकी वजनं लावली. आणि मला झाडाखाली बसवून ठेवलं. बारा ग्रॅम फक्त एका माणसानं लावले. त्याचीच चार वजनं गोट्यांत गेली आणि तरीही त्यानं पावणेतेवीसशेच्या वरचा मासा काढला.

एकशे चाळीस कोरी वजनं परत आली, तेव्हा मी त्याचा पुरावा म्हणून गौरव केला होता. आणि ज्याची कमी आली, त्याला समज दिली होती.

१९ मार्च, गुरुवार

मेहुण्याच्या दुकानात गेलो. तो एका पंपाची झडप काढत होता. त्यानं स्टूल पुसून दिलं. मी विचारलं, बाकीचे काय करत होते हे तुला दिसत होतं? म्हणाला, डॉक्टर वीस पावलांवर होते, दिसणार नाही का. मी म्हणालो, मग तूही हलकं का नाही लावलंस?

तो झडपेशी खटपट करत राहिला. शेवटी म्हणाला, "नियम तुमचा होता, भाऊजी. मीच मोडला असता तर ताईनं कुणाकडे बघायचं?" थोड्या वेळानं म्हणाला, सकाळभर पाळला. मग बारा वाजत आले तेव्हा डोकं फिरलं. वजनं वापरायचीच होती ना, म्हटलं घ्या, वापरतो. हात लावायला नको होता, चूक झाली.

मी काही तरी बोलायला हवं होतं. पंपाची क्षमता किती, असं विचारलं. त्यानं सांगितली.

२१ मार्च, शनिवार

मंडळाची खास बैठक. विषय एकच: मेहुण्याला काढून टाकणं. डॉक्टरांनी कारकुनाकडून ठराव टंकून आणला होता. चषक घेऊन जायला पिशवीही आणली होती.

मी परीक्षक या नात्यानं आधी बोलायची परवानगी घेतली. म्हणालो, स्पर्धक क्रमांक पाच यांनी माशाच्या पोटात छत्तीस ग्रॅम शिसं घातलं, ते मान्य करतात, त्यांचा मासा बाद. टाळ्या पडल्या. मग मी पेटी उघडली आणि पंधरा पुड्या नावांच्या चिठ्ठ्यांसकट टेबलावर मांडल्या. प्रत्येकीशेजारी भिंग ठेवायला भिंगं नव्हती, म्हणून माझंच हातोहात फिरवलं.

 पेंगणारे गृहस्थसुद्धा जागे होते. डॉक्टर म्हणाले की माझी वजनं चांगल्या प्रतीची असल्यामुळे ओरखडे उठत नसावेत. मी त्यांच्या पुडीची गाठ दाखवली.

तेव्हा मुख्याध्यापिका बाई उठल्या. म्हणाल्या, "माझीही कोरीच आहेत. मी पाच ग्रॅमचं लावलं होतं. मुलांना चाळीस वर्षं कॉपी करू नका म्हणून सांगितलं." आणि बसल्या. त्यानंतर सगळ्यांना चहा आठवला.

मी निकाल जाहीर केला. नियमानुसार चौदा स्पर्धक वजनामुळे बाद, पंधरावा शिशामुळे बाद, परीक्षकानं एकही मासा आणि एकही पुडी तपासली नाही म्हणून परीक्षकही बाद. चषक यंदा कुणालाच नाही.

चहानंतर मंडळानं तीन ठराव एकमतानं केले. बारा ग्रॅमचा नियम रद्द, आणि तो कधी केलाच नव्हता अशी इतिवृत्तात दुरुस्ती. मेहुण्याचा विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब आणि पुढची बैठक अनिश्चित काळापर्यंत तहकूब. तिसरा ठराव माझ्या सेवेबद्दल आभार मानून माझा राजीनामा स्वीकारण्याचा होता. राजीनामा मी दिला नव्हता. पण ठराव व्यवस्थित टंकलेला होता, म्हणून सही केली.

बाहेर पडताना टपालखात्यातले गृहस्थ माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, त्यांनी लावलेलं वजन साडेचार ग्रॅम होतं, माझ्या माहितीसाठी.

२२ मार्च, रविवार

मेहुण्यानं पहाटे दारात हाक मारली. येईल असं वाटलं नव्हतं. वही घ्यायला आत वळलो, पण तो चालायलाही लागला होता, तसाच निघालो.

पाणी परत आलं होतं, पण पूर्वीइतकं नाही. त्यानं डबी माझ्यापुढे धरली. सगळे तुकडे एकमेकांत मिसळलेले होते, क्रमांक पुसट झाले होते. मी एक उचलला, तळहातावर धरला. त्याच्याकडे बघितलं. तो स्वतःच्या गळाला आमिष लावत होता, माझ्याकडे बघतच नव्हता. ठेवला, दुसरा घेतला. बांधला.

पहिला अडकून गेला. दुसरा फार लवकर खाली वाहून आला. तिसऱ्याला बोटाखाली काही तरी लागलं. टेकलं, सुटलं, टेकलं. आंधळ्या माणसाची काठी रस्त्यावरून जावी तसं. मी तसाच उभा राहिलो.

मग मला वाटलं की आता त्याला सांगावं. काल रात्री मनाशी जुळवलेलं सगळं. पहिल्यांदा वजनांच्या यादीबद्दल, मग समज दिली त्याबद्दल, मग बाकीचं. "हे बघ," मी सुरुवात केली, "एकूण घटनाक्रम पाहता माझ्याकडून काही बाबतींत..."

तो म्हणाला, "भाऊजी, बोलत राहिलात तर टेकलेलं कळायचं नाही."

म्हणून गप्प बसलो. चांगले दोन तास. आम्ही दोघं पाण्यात गुडघाभर उभे होतो, तो वरच्या बाजूला, मी खालच्या. त्याला तीन मासे लागले. मला एक, वीतभर. मोठा होऊ दे म्हणून सोडला.

उन्हं वर आल्यावर घरी आलो. हिनं दारातच विचारलं, काय काय बोललात दोघं? मी म्हणालो, काहीच नाही. मासा केवढा होता? मी हातानं दाखवला. किती ग्रॅम? माहीत नाही, म्हटलं. वजन कितीचं लावलं होतं? तेही माहीत नाही.

हिनं पुढे येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला.